इटलीतल्या गल्लीतल्या बेकरीत जाताना

लेकीकडे रोमला महिनाभर राहून सदाशिव पेठेत परतले, तेव्हापासून तिकडे निघालेले सगळे मला हेच विचारतात: तिथल्या बेकरीत जाऊन पाव कसा घ्यायचा? पाटीवर ‘फोर्नो’ किंवा ‘पानिफिचो’ (दोन्ही म्हणजे बेकरीच) दिसलं की आत शिरा. सकाळीच जा; दुपारी आपल्या पेठेसारखीच तिथेही बरीच दुकानं बंद असतात. आधी ‘बॉन्जोर्नो’ म्हणजे नमस्कार म्हणा. नंबराचं यंत्र असेल तर चिठ्ठी ओढा. पावाला हात लावायचा नाही, बोटाने दाखवायचं.

रोममध्ये ‘पिझ्झा बियांका’ घ्याच. त्यावर ना सॉस ना चीज, नुसतं ऑलिव्हचं तेल आणि मीठ. फळीवर हातभर लांब पसरलेला असतो. सुरी कुठे टेकवायची ते तुम्ही सांगायचं, मग वजन होतं. ‘उन एत्तो’ म्हणजे १०० ग्रॅम. कागदात गुंडाळून देतात, तो कागद बघता बघता तेलकट होतो. गरम आहे तोवर तिथेच उभ्याने खा.

शाकाहारी असाल तर ‘स्त्रुत्तो’ हा शब्द पाठच करा: डुकराची चरबी. काही पावांत ती असते. मी एकदा न विचारता घेतलं आणि नंतर फार हळहळले.

फ्लॉरेन्सकडचा पाव अळणी लागला तर बिघडलाय असं समजू नका, तिथल्या पारंपरिक पावात मीठ घालतच नाहीत. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी त्याच्याबरोबर सुरेख लागते.