इंदुरात राहून फॅशन बिझनेस: कोर्स निवडताना आणि पहिली इंटर्नशिप शोधताना

मर्चंडायझिंगच्या (म्हणजे ऑर्डरचं कापड, भाव आणि तारखा सांभाळायच्या कामाच्या) इंटर्नशिपसाठी मुलाखतीला गेलात, तर प्रश्न बरेचदा फॅशनचा नसतो, वजनाचा असतो. समोर गोल गळ्याचा साधा टी-शर्ट, एक टेप आणि कोरा कागद ठेवतात आणि विचारतात, एका नगाला किती कापड लागेल? उंची 72 सेंटिमीटर, बाही 22, शिलाई आणि दुमडीला 10, बेरीज 104. छाती सपाट ठेवून 54, त्यात शिलाईचे 4 धरून 58. गुणाकार करा, पुढचा-मागचा भाग म्हणून दुप्पट करा: 12,064 चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण 1.21 चौरस मीटर. कापड 180 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम भरणारं असेल तर 217 ग्रॅम. कातरण, रोलची टोकं आणि रिजेक्शन यांचे 8 टक्के चढवले की 235 ग्रॅमच्या आसपास. गळ्याची रिब (ताणली जाणारी विणलेली पट्टी) वेगळी मोजायची.

इथवर बहुतेकांना येतं. चूक पुढे होते. टेकपॅकवर (कपड्याची मापं आणि तपशील देणाऱ्या कागदावर) 180 लिहिलेलं असतं, पण रंगाईनंतर आकसून आलेलं कापड 189 भरलं, तर वजन 5 टक्क्यांनी वाढलं. 20,000 नगांच्या ऑर्डरला हे 235 किलो जास्तीचं कापड झालं, आणि ते बायरच्या, म्हणजे माल मागवणाऱ्या ब्रँडच्या खात्यात जात नाही, कारखान्याच्या नफ्यातून जातं. हा हिशोब ज्याला येतो त्याच्या हाती ऑर्डरची फाइल देतात. बाकीच्यांना दोन महिने सॅम्पलच्या पिशव्यांना टॅग बांधायला लावतात. म्हणून कंपनीच्या नावाला भुलण्याआधी विचारा की बसायला कोणतं टेबल, म्हणजे कोणत्या विभागाचं काम मिळणार.

कोर्स

इंदुरात खासगी संस्थांचे फॅशन मॅनेजमेंटचे कोर्स आहेत. प्रवेश घेण्याआधी पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार हे लेखी विचारा. संस्थेचा स्वतःचा डिप्लोमा आणि विद्यापीठाची पदवी यांतला फरक पुढे एमबीएचा अर्ज भरताना कळतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. दुसरं, वेळापत्रक मागा. कॉस्टिंग, एक्सेल, कापडाची चाचणी आणि रिटेलचं गणित यांना आठवड्यात किती तास आहेत ते बघा. सगळे तास इलस्ट्रेशन आणि ड्रेपिंगनेच भरलेले असतील तर तो डिझाइनचा कोर्स आहे, माहितीपत्रकावर नाव काहीही असो.

निफ्ट (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) ही संस्था 1986 मध्ये वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली सुरू झाली. आपल्याला तिचा सगळ्यांत जवळचा कॅम्पस भोपाळचा. मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंट दोन वर्षांचा आहे आणि कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुला आहे. बी.कॉम. झालेल्यांनी याचा जरूर विचार करावा, डेबिट-क्रेडिट आधीच आलेलं असल्यामुळे पहिलं सत्र हलकं जातं. बॅचलर ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी चार वर्षांचा, कारखान्याच्या बाजूचा. त्याला बारावीला गणित लागतं. प्रवेश परीक्षा 2024 पासून एनटीए (नॅशनल टेस्टिंग एजन्सी) घेते आणि गेली काही वर्षं ती फेब्रुवारीत होते, म्हणजे अर्ज ऐन थंडीत भरायचे. प्री-बोर्डच्या धांदलीत ही तारीख हुकते, ती आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. चाचणी आणि कापडशास्त्राकडे ओढा असेल तर वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला क्लोदिंग अँड टेक्स्टाइल्स विभागही यादीत असू द्या.

मध्य प्रदेशात 2021-22 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि पदवीत इंटर्नशिपला, प्रकल्पाला क्रेडिट मिळू लागलं. काकांच्या दुकानाचा शिक्का आणून हा भाग उरकता येतो, आणि बरेच जण उरकतातच. क्रेडिट मिळतं, पण पुढच्या मुलाखतीत सांगायला काही उरत नाही.

टेबलं

निर्यात मर्चंटचं टेबल सगळ्यांत कष्टाचं आणि शिकायला सगळ्यांत चांगलं. इथे दिवस टीएनए या तक्त्याभोवती फिरतो: माल निघायच्या तारखेपासून उलटं मोजत प्रत्येक कामाला तारीख द्यायची. टी-शर्टची 90 दिवसांची ऑर्डर धरा. पहिल्या आठवड्यात सुताचं बुकिंग, दहाव्या दिवसापर्यंत लॅब डिप (रंगवलेल्या कापडाचा छोटा नमुना) बायरकडे, विसाव्यापर्यंत रंगाला मंजुरी. मग विणाई, पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत रंगाई, पन्नासाव्याच्या आत पीपी सॅम्पल (उत्पादनाआधीचा शेवटचा नमुना) मंजूर, लगेच कटिंग. शिलाई अठ्ठ्याहत्तरीपर्यंत, फिनिशिंग-पॅकिंग चौऱ्याऐंशीपर्यंत, नंतर शेवटची तपासणी. आता लॅब डिपची मंजुरी आठ दिवस लांबली असं समजा. रंगाईची यंत्रं ठरलेल्या दिवशी दुसऱ्याच्या मालात गुंतलेली असतात, त्यामुळे आठाचे बारा दिवस होतात. शिलाईची लाइन रिकामी बसते, मग ओव्हरटाइम लागतो आणि शेवटी माल जहाजाऐवजी विमानाने पाठवावा लागतो. विमानाचं भाडं सहसा कारखान्याच्या गळ्यात पडतं आणि ऑर्डरचा नफा तिथेच संपतो.

लॅब डिप नापास होण्याचं एक कारण नव्या मुलांना हमखास चकवतं. खिडकीच्या उजेडात जुळणारा रंग दुकानाच्या दिव्याखाली जुळत नाही. म्हणून लाइट बॉक्समध्ये डी 65 (दिवसाच्या उजेडासारखा दिवा) आणि टीएल 84 (दुकानातल्या ट्यूबसारखा), दोन्हींखाली बघायचं. बायरने आणखी कुठला दिवा सांगितला असेल तर त्याखालीही. मोबाइलवर फोटो पाठवून रंगाची मंजुरी मागू नका, कधीच नाही.

दुसरं टेबल देशी ब्रँडमधल्या बायिंग आणि प्लॅनिंगचं. इथे कापडापेक्षा आकडे जास्त. एका कुर्त्याची छापील किंमत 1,050 रुपये, त्यातून 5 टक्के जीएसटी वजा करून 1,000. खर्च 400, म्हणजे 600 उरले. विक्रीच्या 1,000 वर मोजलं तर मार्जिन 60 टक्के, खर्चाच्या 400 वर मोजलं तर मार्कअप 150 टक्के. या दोन शब्दांची गल्लत केली की मुलाखत तिथेच आटोपते. सेलमध्ये 30 टक्के सूट दिली की ग्राहक 735 देतो, कर वजा होऊन 700 येतात, हातात 300 राहतात. सूट 30 टक्क्यांची, नफा मात्र निम्मा. पहिल्या आठवड्यात हे एकदा स्वतःच्या हाताने मांडून बघा, मग सेलच्या पाट्या वेगळ्या दिसायला लागतात.

कराचा एक टप्पाही लक्षात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून नगामागे 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के जीएसटी आहे. हे 2,500 करपूर्व मूल्य आहे. म्हणजे 5 टक्क्यांत बसणारी सर्वांत मोठी छापील किंमत 2,625. मूल्य रुपयाने वाढलं की किंमत थेट 2,950 च्या पुढे उडी मारते. किंमतपट्टी बनवायला सांगितली आणि तुम्ही मधेच 2,799 लिहिलं, तर वरिष्ठ हसतील.

या टेबलावर बसायचा हंगाम मात्र जपून निवडा. बहुतेक ब्रँडांचा मोठा सेल जूनअखेर ते जुलै आणि पुन्हा जानेवारीच्या सुमारास असतो. उन्हाळ्याच्या इंटर्नला त्यामुळे साठा कसा संपवतात ते जवळून दिसतं, पण समजावून सांगायला कुणाला सवड नसते. प्रश्न वहीत साठवा आणि शनिवारी एकत्र विचारा.

क्वालिटीच्या टेबलाला मुलं नाक मुरडतात. तरी दोन आठवडे तिथे मागून घ्या. किती नग तपासायचे आणि किती दोष चालतील हे एक्यूएल या तक्त्यावरून ठरतं. 1,200 नगांचा लॉट, जनरल लेव्हल दोन (तपासणीची नेहमीची पातळी), एक्यूएल 2.5: 80 नग काढायचे, मोठे दोष 5 पर्यंत निघाले तर पास, 6 निघाले तर नापास. नग कुठल्या पेट्यांतून काढायचे हे कारखान्याच्या माणसाला ठरवू द्यायचं नाही, एवढी एक गोष्ट शिकलात तरी पुष्कळ. व्हिज्युअल मर्चंडायझिंग, म्हणजे दुकानातली मांडणी-सजावट, दिसायला देखणं आहे. काम रात्री दुकान बंद झाल्यावर, शिडीवर. आवड असेल तरच जा.

इंदूरच्या आसपास

कापसाच्या शेतापासून दुकानाच्या काउंटरपर्यंत सगळी साखळी दीडशे किलोमीटरच्या आत बघता येते, ही सोय मुंबई-दिल्लीच्या मुलांना नाही. निमाडात कापूस, सेंद्रिय कापूससुद्धा. खरगोन जिल्ह्यात मराल ओव्हरसीजचं सूत आणि कापडाचं काम, पीथमपुरात प्रतिभा सिंटेक्सचं सुतापासून तयार कपड्यापर्यंतचं. धार जिल्ह्यात भैंसोला इथल्या पीएम मित्र पार्कचं (केंद्राच्या योजनेतल्या वस्त्रोद्योग वसाहतीचं) भूमिपूजन 17 सप्टेंबर 2025 ला झालं, तिथे कारखाने उभे राहतील तसं काम वाढेल. सेंद्रिय मालाच्या कारखान्यात गेलात तर ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटचं (विकलेला माल सेंद्रिय असल्याच्या दाखल्याचं) काम मागून घ्या. गॉट्स या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या लेबलवर ‘ऑरगॅनिक’ लिहायला किमान 95 टक्के सेंद्रिय धागा लागतो, ‘मेड विथ ऑरगॅनिक’ला 70 टक्के. 2020 मध्ये भारतातल्या सेंद्रिय कापसाच्या कागदपत्रांत मोठा बनाव उघडकीला आला, तेव्हापासून हे कागद नीट वाचणाऱ्या माणसाला किंमत आली आहे.

महेश्वर शंभर किलोमीटरच्या आत. तिथे रेहवा सोसायटी आणि विमेनवीव्ह हातमागावर काम करतात. व्यवस्थापनाची मुलं तिथे एकच चूक पुन्हा पुन्हा करतात: मिलच्या मालासारखं नियोजन. एका ताण्यावर (मागावर लावलेल्या उभ्या धाग्यांवर) अनेक साड्या निघतात, म्हणून ताण्याचा रंग साडीगणिक बदलत नाही. फेरफार करायचा तो बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात. दहा रंगांच्या वीस-वीस साड्या दिवाळीआधी दीड महिन्यात मागितल्या तर विणकर मान हलवेल, माल येणार नाही. ताण्याचे रंग तीन ठेवा आणि विविधता बाण्यातून काढा.

बाजार शिकायचा तर एम.टी. क्लॉथ मार्केट आणि परदेशीपुऱ्याचं रेडिमेड कॉम्प्लेक्स. इथे कुणी ‘इंटर्न’ म्हणणार नाही, पण उधारीचं गणित इथल्यासारखं कुठल्याच वर्गात शिकायला मिळत नाही. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे 45 दिवसांच्या पलीकडे थकवले, तर ती रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. हा नियम 2023-24 या आर्थिक वर्षापासून लागू झाला. जॉबवर्कवाल्याचं बिल कधी चुकवायचं हे यावरही ठरतं.

अर्ज

मे महिन्यात बसायचं असेल तर जानेवारीत सुरुवात करा. एचआरच्या सामान्य पत्त्यावर गेलेली मेल बहुधा पडून राहते. मर्चंडायझिंग मॅनेजर किंवा प्लॅनिंग हेड यांना लिहा, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांकडून नाव काढा. मेल आठ-दहा ओळींची: कधीपासून कधीपर्यंत मोकळे आहात, कोणतं टेबल हवं, एक्सेलमध्ये काय येतं. सोबत चार पानं. एकावर टी-शर्टची कॉस्टिंग शीट, दुसऱ्यावर काल्पनिक ऑर्डरचा टीएनए, उरलेल्या दोनांवर दुकानाचा अभ्यास.

हा अभ्यास असा करा. एम.जी. रोड किंवा विजयनगरच्या मॉलमधलं एक दुकान आणि एकच विभाग निवडा, उदाहरणार्थ पुरुषांचे शर्ट. सलग चार सोमवार जाऊन किती डिझाइन आहेत, किमतीचे टप्पे कोणते आणि कुठला साइज संपलाय ते टिपा. फोटो काढू नका, गार्ड हटकतो. बाहेर येऊन लिहा. चौथ्या आठवड्यात दिसेल की काही डिझाइनांचे एम आणि एल संपलेत, एस आणि डबल एक्सएल पडून आहेत. साइजचं प्रमाण चुकलं की माल असूनही विक्री थांबते, हे तुम्ही आकड्यांनी दाखवलंत तर मुलाखतीत बोलायला तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी असतं.

स्टायपेंड आधी विचारा, लाजू नका. तिरुपूर किंवा बंगळुरूला जाणार असाल तर खोली, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च मांडून मगच हो म्हणा. इंटर्नशिप लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. पीथमपूरसाठी कंपनीची बस इंदुरातून कुठून आणि किती वाजता निघते ते पहिल्याच फोनवर विचारा.

निघताना नुसतं ‘समाधानकारक काम केले’ असं प्रमाणपत्र घेऊ नका. विभाग, कालावधी, किती स्टाइल हाताळल्या आणि टीएनए किंवा कॉस्टिंगमधलं कोणतं काम केलं, हे मसुदा स्वतः टाइप करून मॅनेजरकडे न्या. सहीला सोपं पडतं. टेकपॅक, बायरचं नाव आणि भाव पोर्टफोलिओत टाकायचे नाहीत. तोच तक्ता खोट्या नावाने आणि बदललेल्या आकड्यांनी पुन्हा बनवा, आणि तो दाखवायची परवानगी शेवटच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी मेलवर मागा.