इम्प्लांटसोबतची जाळी: स्तन-पुनर्रचनेनंतर या चुका टाळा

"सिस्टर, आता काढा ना ही बाटली. हिला अंघोळीचे फार हाल होतात." ऑपरेशननंतर सातव्या दिवशी नवरा-बायको ओपीडीत आले होते. ड्रेन म्हणजे जखमेत साठणारं पाणी नळीने बाहेर ओढणारी ती बाटली; वहीत तिचे रोजचे आकडे होते, मिलीत: ७०, ६५, ५०, ५५, ४५. आकडा उतरत होता, पण अजून काढण्याजोगा नव्हता. मी नाही म्हटलं. घर लांब, रोजचं येणं-जाणं अवघड, म्हणून त्यांनी गावाकडच्या एका दवाखान्यात दोन दिवसांनी ड्रेन काढून घेतला. पंधराव्या दिवशी ताई परत आल्या तेव्हा छाती ढोलासारखी ताणली होती, टाक्यांच्या एका कोपऱ्यातून पिवळं पाणी झिरपत होतं आणि अंगात ताप होता. पुढे इम्प्लांट, म्हणजे स्तनाचा आकार द्यायला आत बसवलेली कृत्रिम गादी, आणि तिला आधार देणारी जाळी दोन्ही काढावी लागली. माझ्या डोळ्यांसमोरून ती वही अजून जात नाही, कारण त्या बाईंचं नुकसान टळण्यासारखं होतं.

पेशंट जिला जाळी म्हणतात तिचं डॉक्टरी नाव एडीएम, म्हणजे ॲसेल्युलर डर्मल मॅट्रिक्स. मृत्यूनंतर दान केलेली माणसाची त्वचा, डुकराची त्वचा किंवा गाय-बैलाच्या जातीची त्वचा घेऊन तिच्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढतात. मागे उरतो तो कोलॅजनचा सांगाडा. स्तन काढल्यावर सर्जन इम्प्लांटच्या खालच्या अर्ध्या भागाला त्याची झोळी करतात, किंवा इम्प्लांट छातीच्या स्नायूच्या वर ठेवायचं असेल तर पुढून सगळं झाकतात. हळूहळू वरच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या या सांगाड्यात शिरतात आणि शरीर त्याला आपलंसं करतं. याला काही आठवडे लागतात. तोवर ती आत ठेवलेली एक परकी, रक्त नसलेली वस्तू असते. वॉर्डात मी पाहिलेल्या बहुतेक गुंतागुंती हे विसरल्यामुळे झाल्या.

पातळ त्वचेला जाळीचा आधार मिळत नाही

जाळी घातली म्हणजे कमकुवत त्वचा तगेल, असा एक समज आहे. खरं उलट आहे. जाळीला रक्त मिळतं ते त्या त्वचेकडूनच. त्वचा खूप पातळ राहिली, तिच्या कडा काळसर पडू लागल्या, तर खालची जाळी उपाशी राहते आणि त्वचा उघडली की इम्प्लांट थेट बाहेर डोकावतं. म्हणून स्तन काढून झाल्यावर त्वचेचा रक्तपुरवठा संशयास्पद वाटला तर अनुभवी सर्जन त्याच वेळी पूर्ण आकाराचं इम्प्लांट बसवायचा हट्ट सोडतात. ते न फुगवलेला किंवा अर्धवट भरलेला एक्स्पांडर, म्हणजे नंतर हळूहळू भरून त्वचा ताणायचा तात्पुरता फुगा, ठेवतात, किंवा पुनर्रचना पुढे ढकलतात.

नेदरलँड्समधल्या आठ रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २०१७ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आलेल्या ब्रिऑस चाचणीत डुकराच्या त्वचेची जाळी वापरून एकाच टप्प्यात केलेली पुनर्रचना आणि जाळीशिवाय दोन टप्प्यांत केलेली पुनर्रचना यांची तुलना झाली. शस्त्रक्रियेच्या गुंतागुंती पहिल्या गटात ४६ टक्के बायकांना झाल्या, दुसऱ्या गटात १८ टक्के. पुन्हा ऑपरेशन ३७ टक्के विरुद्ध १५ टक्के. इथे फरक दोन गोष्टींचा होता, जाळीचा आणि एकाच टप्प्याचाही. म्हणून सगळा दोष जाळीच्या माथी मारता येत नाही. पण "एकाच भुलीत सगळं उरकून टाका" असं नातेवाईक म्हणतात तेव्हा हे आकडे मला आठवतात.

मिश्री म्हणजे तंबाखूच

"तंबाखू खाता का?" या प्रश्नाला बायका ठामपणे नाही म्हणतात. "दात कशाने घासता?" असं विचारलं की मिश्री निघते, दिवसातून तीन-चार वेळा लावलेली. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि त्याचा पहिला फटका त्या पातळ त्वचेला बसतो. किमान चार आठवडे आधी मिश्री, गुटखा, विडी-सिगारेट सगळं बंद हवं, आणि जखम भरेपर्यंत बंदच हवं. साखर ताब्यात नसणं, वजन जास्त असणं, स्तन मोठा असणं, आधी किंवा नंतर रेडिएशन असणं, यांनीही धोका वाढतो. हे सर्जनला आधी सांगा. लपवून पेशंटचंच नुकसान होतं.

ऑपरेशन टेबलावरच्या चुका

हे माझ्या नव्या ओटी सिस्टरांसाठी. अनेक जाळ्यांना दोन वेगळ्या बाजू असतात. त्वचेच्या आतल्या थराची बाजू वर, म्हणजे पेशंटच्या त्वचेकडे. दुसरी बाजू इम्प्लांटकडे. ओळखता आली नाही तर रक्ताचा थेंब लावून सलाइनने धुवायचं. आतली बाजू रक्त शोषून लाल राहते, दुसरी जवळजवळ स्वच्छ निघते. पाकिटातलं द्रव नीट धुऊन काढायचं, तेही कंपनीच्या पत्रकात लिहिलंय तसं. काही उत्पादनांत अँटिबायोटिकचे अंश असतात, म्हणून ॲलर्जीची नोंद आधी वाचायची. जाळी हाताळण्याआधी हातमोजे बदलायचे आणि ती पेशंटच्या उघड्या कातडीला लागू द्यायची नाही. चुण्या पडल्या की तिथे त्वचा जाळीला चिकटत नाही आणि पाणी साठायला जागा मिळते.

पाणी साठणं

सगळ्यांत जास्त दिसणारी तक्रार हीच, डॉक्टर तिला सीरोमा म्हणतात. जाळी आणि त्वचा यांच्यामध्ये पाण्याचा थर राहिला की रक्तवाहिन्या आत जाऊच शकत नाहीत, आणि साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. म्हणून ड्रेनचा कंटाळा करू नका. दोन ड्रेन असतील तर वहीत दोन रकाने हवेत. मोजायचं सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी, मोजपात्र डोळ्यांच्या पातळीला धरून. ड्रेनचा फुगा, म्हणजे ती बाटली, दाबलेलाच राहिला पाहिजे. तो फुगून गोल झाला म्हणजे ओढ संपली, आणि त्या दिवशीचा "फक्त १० मिली" हा आकडा खोटा. नळीत गुठळी अडकली तरी हेच होतं. सहसा २४ तासांत ३० मिलीपेक्षा कमी असं सलग दोन दिवस आलं की ड्रेन निघतो. दुसरीकडे ती नळी जंतूंना आत यायची वाटही असते, त्यामुळे अनेक सर्जन तो दोन-तीन आठवड्यांच्या पुढे ताणत नाहीत. कधी काढायचा ते तुमच्या सर्जनने ठरवायचं, जवळच्या दवाखान्याने परस्पर नाही.

ड्रेन निघाल्यावर छाती पुन्हा ताणली, आत पाणी हलल्यासारखं वाटलं, तर कुणालाही आंधळेपणाने सुई घालू देऊ नका. इम्प्लांट फुटतं. सोनोग्राफीत बघून, निर्जंतुक पद्धतीने काढायचं असतं.

लाली: घाबरणं आणि दुर्लक्ष, दोन्ही चूक

जाळीवरची त्वचा जंतुसंसर्गाशिवायही लाल होते. अशी लाली साधारण जाळी आहे तेवढ्याच भागावर, म्हणजे बहुतेकदा खालच्या अर्ध्यावर असते. ताप नसतो, दुखणं वाढत नाही, आणि ती आपोआप ओसरते. पण "ही जाळीची लाली" असं म्हणायचा हक्क संसर्ग नाही हे तपासल्यानंतरच. मी बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ काढते आणि शेजारी तारीख-वेळ लिहिते. रेघेबाहेर लाली गेली, ताप आला, थंडी वाजली, टाक्यातून पाणी आलं, तर त्याच दिवशी या, सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका. सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसतच नाही. जांभळट किंवा जास्तच काळपट आणि चकचकीत दिसते. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने दोन्हीकडची ऊब तपासायची.

आणि ओळखीच्या माणसाकडून अँटिबायोटिक आणून चार गोळ्या घेऊ नका. त्याने ताप दबतो आणि कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच उगवत नाही. आठवडेच्या आठवडे जखम झिरपत राहिली आणि साधं कल्चर कोरंच येत राहिलं, तर टीबीच्या कुळातल्या पण टीबी नसलेल्या जंतूंसाठी वेगळं कल्चर पाठवायला हवं. ते मागितल्याशिवाय लॅब करत नाही.

शेक तर बिलकुल नको. स्तन काढल्यावर वरच्या त्वचेला स्पर्श कळत नाही. गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपलेल्या एका मावशींना सकाळी फोड दिसले तेव्हा कळलं. हळदीचा लेप, तेल लावून चोळणं, हेही नको.

जाळी कशाची, हे आधी विचारा

आपल्याकडे हा प्रश्न जेवढा महत्त्वाचा तेवढा क्वचितच विचारला जातो. कुणाला डुकराचं चालत नाही, कुणाला गाय-बैलाचं, कुणाला प्राण्याचं काहीच नको असतं. संमतिपत्रावर सही घेताना हे स्पष्ट सांगणं आमचं काम आहे. नसेल चालत तर जाळीशिवाय स्नायूखाली एक्स्पांडर, कृत्रिम धाग्यांची जाळी, किंवा स्वतःच्या पोटाच्या-पाठीच्या मांसाची पुनर्रचना, असे पर्याय आहेत.

सगळ्या जाळ्या सारख्या नसतात, हेही विचारण्याचं एक कारण. औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२१ मध्ये कळवलं की फ्लेक्सएचडी आणि ॲलोमॅक्स या दोन उत्पादनांत ऑपरेशननंतर दोन वर्षांनी पुन्हा ऑपरेशन, इम्प्लांट काढणं आणि संसर्ग यांचं प्रमाण जास्त दिसलं. ॲलोडर्म, सर्जिमेंड किंवा जाळी न वापरलेल्या बायकांच्या तुलनेत ते होतं. स्तन-पुनर्रचनेसाठी म्हणून तोवर एफडीएने एकाही एडीएमला मान्यता दिली नव्हती, हेही तेव्हा सांगितलं गेलं. मात्र त्रास नसताना निव्वळ भीतीपोटी बसलेली जाळी काढून घ्या, असं एफडीएने म्हटलं नाही.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या: उत्पादनाचं नाव, लॉट नंबर, इम्प्लांटचं वेगळं. बिलाच्या फाइलमध्ये नको, ते हरवतं. कॅन्सरच्या मूळ फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा. पुढे सोनोग्राफी किंवा एमआरआयला जाल तेव्हा आत जाळी आहे हे आधी सांगा. न मुरलेली किंवा दुमडलेली जाळी हाताला गाठीसारखी लागते, आणि रेडिओलॉजिस्टला जाळीचं माहीत असेल तर ती गाठ वाचणं त्यांना सोपं जातं. तरीही नवी गाठ लागली तर "जाळीच असेल" म्हणून घरी बसू नका. तपासून घ्या.