सिरॅमिक डुप्लेक्सरचं आयसोलेशन कमी येतंय? आधी तिसरा पोर्ट बघा

डुप्लेक्सर म्हणजे एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं दोन्ही जमवून देणारा फिल्टर, इथे तो सिरॅमिकच्या ठोकळ्याचा (ब्लॉकचा), आणि आयसोलेशन म्हणजे पाठवायचा सिग्नल ऐकण्याच्या बाजूत शिरण्यापासून किती अडतो ते. डेटाशीटमध्ये लिहिलंय तेवढं आयसोलेशन मिळत नाही म्हणून लगेच पार्ट उपटून काढू नका, बऱ्याचदा मोजण्यातच घोळ असतो. डुप्लेक्सरला पोर्ट तीन, टीएक्स (पाठवण्याचा), आरएक्स (ऐकण्याचा) आणि अँटेना, आणि आपल्याकडचा व्हीएनए (सिग्नल किती पार जातो, किती परत येतो ते मोजणारं यंत्र) असतो दोन पोर्टचा, मग टीएक्स ते आरएक्स मोजताना अँटेनाचा पोर्ट तसाच मोकळा राहतो, तिथून सिग्नल आपटून मागे फिरतो आणि आकडा पार फसवा येतो. तिथे चांगला ५० ओहमचा लोड (सिग्नल शोषून घेणारं टोक) लावा, नुसता हाताशी पडलेला रेझिस्टर नको.

तरीही जमत नसेल तर ग्राउंड बघा. या ब्लॉकच्या बाहेरचा चांदीचा थर म्हणजेच ग्राउंड, त्यामुळे खाली सलग कॉपर आणि भरपूर व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी छिद्रं) हव्यात, नाहीतर फिल्टर कितीही भारी असला तरी सिग्नल बाजूने गळतो. सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवू नका, चांदी सोल्डरमध्ये विरघळते.

शील्डचं झाकण ब्लॉकच्या उघड्या, पॅटर्नवाल्या बाजूला फार जवळ आलं की फ्रिक्वेन्सी सरकते, म्हणून शेवटचं माप झाकण लावूनच घ्या.

आणि हो, ऑर्डर देताना पार्ट फोनसाठीचा की बेस स्टेशनचा ते नीट वाचा. मोबाइलच्या बँड १ मध्ये फोन १९२०–१९८० मेगाहर्ट्झवर पाठवतो आणि २११०–२१७० वर ऐकतो, बेस स्टेशनचं बरोब्बर उलटं.