खालच्या मजल्यावरचा आवाज वर येतोय? रबर शीट घ्यायच्या आधी हे वाचा

रत्नागिरीत आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. खालच्या काकूंनी घरघंटी घेतली आणि सकाळी सहाला ती सुरू झाली की आमच्या हॉलच्या लाद्या पायाखाली गुणगुणायला लागायच्या. मी शहाणपणा करून जाड रबर शीट आणून पूर्ण हॉलभर अंथरली, वर गालिचा टाकला, पैसे गेले, आवाज तसाच आणि पावसाळ्यात गालिच्याला खालून बुरशी आली ती वेगळीच.

का ते नंतर कळलं. पाच इंची स्लॅब म्हणजे एका चौरस फुटाला साधारण 28 किलो वजन, त्यावर तुम्ही अर्ध्या किलोची शीट टाकून काय फरक पडणार? हवेतून येणारा आवाज वजनाने अडतो, आणि वजन दुप्पट केलं तर कुठे 5-6 डेसिबल कमी होतो. गालिच्याचा उपयोग तुमच्या पावलांचा आवाज खाली जाऊ नये म्हणून, म्हणजे फायदा काकूंना. आवाज अडवायला लोक लावतात ते अंड्याचे ट्रे तर सोडूनच द्या.

म्हणून आधी आवाज येतो कुठून ते शोधा. सगळ्या खिडक्या बाल्कनी बंद करा, मग कान लावत फिरा, जमीन, भिंत, किचनचा ओटा, बाथरूम. खिडकी लावल्यावर टीव्ही आणि बोलणं जवळपास गायब झालं तर ते बाहेरून फिरून येतंय, आणि आपल्याकडे दमट हवेमुळे बारा महिने खिडक्या उघड्याच, त्यामुळे बऱ्याच जणांचं उत्तर इथेच सापडतं. खिडकीच्या फटींना रबरी पट्टी लावा.

दुसरी चोरवाट पाईपची. सिंकखालचं कपाट रिकामं करून टॉर्च मारा, पाईप जिथून स्लॅबमधून खाली जातो तिथे बहुतेक वेळा प्लंबरने हाताएवढं भोक पाडून वर नुसती चकती बसवलेली असते. ते सिमेंटने गच्च भरू नका, पाईपची थरथर मग थेट स्लॅबला मिळते. आधी पाईपभोवती फोमची पट्टी गुंडाळायची, मग बाकीचं भोक सिमेंटने, आणि वरून सिलिकॉन. न वापरातल्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीवरच्या जाळीखाली पाणी धरून ठेवणारा भाग) तांब्याभर पाणी ओतत जा, ते सुकलं की आवाज, वास आणि झुरळं तिन्ही वर येतात.

आता घरघंटी, मिक्सर, वॉशिंग मशीन. ही थरथर हवेतून नाही, बांधकामातून चढते, आणि ती वरून अडवणं जवळपास अशक्य. खालीच थांबवायची. मी अर्धी पेटी हापूस घेऊन काकूंकडे गेलो (रिकाम्या हाताने तक्रार करायला जायचं नाही, एवढं तरी कोकणात राहून शिकलो), तर त्या म्हणाल्या, "अरे मेल्या, सांगायचंस ना आधी!" घरघंटीच्या चारी पायांखाली इंचभर जाड रबरी पॅड ठेवले, भिंतीला टेकलेली होती ती तीन इंच पुढे ओढली. त्या दिवसापासून लाद्या गप्प.

खालचे लोक तयारच असतील तर सर्वात चांगला इलाज त्यांच्या छताला, रबरी हँगरवर जिप्समचं सीलिंग आणि आत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), पण दुसऱ्याच्या घरात आपल्या खर्चाने हे कोण करू देणार. रात्री दहा ते सकाळी सहा रहिवासी भागात मर्यादा 45 डेसिबलची, 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत आहे ते. गणपतीतल्या भजनासाठी मात्र मी कधी तोंड उघडलेलं नाही, मीच खाली जाऊन बसतो.

गावच्या जुन्या घराची लाकडी माडी असेल तर गोष्ट उलटी. इंचाची फळी म्हणजे चौरस फुटाला दीडेक किलो, शिवाय फटी, खालची कुजबुजसुद्धा वर. इथे जमिनीवर केलेलं काम खरंच दिसतं. फटी भरून घ्या, त्यावर रबर शीट, त्यावर 12 मिमी सिमेंट बोर्डचे दोन थर, सांधे एकावर एक येऊ न देता. दोन थर एकमेकांना स्क्रू करा पण स्क्रू खालच्या फळीत घुसला तर सगळी मेहनत फुकट. भिंतीपासून बोटभर जागा सोडून तिथे फोम. एमडीएफ नको, पहिल्याच पावसात फुगतं. बारा बाय बारा फुटांच्या खोलीत नुसत्या बोर्डांचंच साधारण सव्वाचारशे किलो वजन वाढतं, तेव्हा आधी सुताराला तुळया दाखवा, आणि वाळवीवर नजर ठेवायला कोपऱ्यातला एक तुकडा उचलता येईल असाच ठेवा.