रिस्पॉन्सिव्ह साइट आजोबांच्या फोनवर का मोडते? या चुका टाळा

२०२७च्या सिंहस्थाच्या तोंडावर पंचवटीतल्या एका लॉजची रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारी, साइट मी करून दिली. माझ्या फोनवर झकास दिसत होती. चार दिवसांनी मालकांचा फोन: "अहो, बाबांना ‘बुकिंग करा’चं बटणच सापडत नाहीये."

गेलो. बाबांनी फोनचा डिस्प्ले साइझ आणि ब्राउझरमधलं अक्षर, दोन्ही मोठं करून ठेवलेलं. मी बटणाची उंची ४० पिक्सेलला बांधून वर ‘ओव्हरफ्लो हिडन’ (मावत नाही ते लपवा) दिलं होतं, त्यामुळे ‘बुकिंग’ अर्धं कापलेलं आणि ‘करा’ गायब. दोन बोटांनी झूम करायला गेले तर तेही होईना. चूक सगळी माझीच.

झूम अडवला होता व्ह्यूपोर्ट टॅगमधल्या (पान फोनवर किती रुंद मांडायचं ते सांगणारा टॅग) ‘युझर-स्केलेबल=नो’ने. आयफोनची सफारी २०१६पासून ते जुमानत नाही, अँड्रॉइडवर मात्र माणूस अडकतो. आयफोनवर रकान्यात टाइप करायला गेलं की पान आपोआप झूम होऊन उडी मारतं म्हणून बरेच जण हे टाकतात. त्यावर उपाय सोपा आहे: रकान्यातलं अक्षर किमान १६ पिक्सेल ठेवा आणि ‘युझर-स्केलेबल=नो’ काढून टाका. बटणाला ठरावीक उंची देण्याऐवजी आतून पॅडिंग (अक्षराभोवतीची मोकळी जागा) द्या, म्हणजे अक्षर वाढलं की बटणही वाढेल.

आता आपल्या लिपीची गोष्ट. इंग्रजी टेम्प्लेटची १.२ लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या १.२ पट) मराठीला पुरत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर जाऊन बसतो. मी १.६च्या खाली जात नाही. शीर्षकाचा आकार नुसत्या ‘व्हीडब्ल्यू’मध्ये (खिडकीच्या रुंदीवर ठरणारं माप) दिला असेल तर कॉम्प्युटरवर झूम करूनही तो वाढत नाही, सोबत ‘रेम’ (मूळ अक्षराच्या आकारावर ठरणारं माप) मिसळा.

तपासायला दहा फोन लागत नाहीत. ब्राउझरची खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवा आणि कंट्रोल-प्लस दाबत ४०० टक्क्यांवर जा. पानाला उरते ३२० पिक्सेलची रुंदी. साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष म्हणजे डब्ल्यूसीएजी; त्यांच्या २०१८च्या २.१ आवृत्तीतली रीफ्लोची अट हीच: मजकूर वाचायला आडवं सरकवावं लागू नये. माझ्या साइटवर चिकटून बसलेला हेडर आणि तरंगणारं व्हॉट्सॲपचं बटण मिळून अर्धा स्क्रीन खात होते, ते तेव्हा कळलं. दरपत्रकाच्या तक्त्याला या अटीतून सूट आहे, पण आडवा सरकायचा तर त्याच्या चौकटीत तक्ता सरकू दे, अख्खं पान नको.

दुसरी लपलेली चूक म्हणजे फ्लेक्स मांडणीतला ‘ऑर्डर’, जो फक्त दिसण्याचा क्रम बदलतो. मोबाइलवर दर वर आणि फोटो खाली दिसावेत म्हणून मी तो वापरला. टॉकबॅक (अँड्रॉइडवर स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) मात्र एचटीएमएलच्या क्रमाने आधी बारा फोटो वाचत बसला. क्रम मुळातच नीट लावा.

फोन नंबर आणि नकाशाची लिंक एकमेकींना खेटून नकोत. दाबायच्या जागेसाठी डब्ल्यूसीएजी २.२ किमान २४ बाय २४ पिक्सेल मागतं. मी ४४ देतो. फिकट करड्या अक्षरांचं तर रामकुंडावरच्या दुपारच्या उन्हात काही खरं नाही, अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट ४.५:१ तरी हवाच. आणि फक्त होव्हरवर, म्हणजे माउस वर नेला तरच, उघडणारा मेनू? काढाच.

तारखेचं रंगीत कॅलेंडर शेवटपर्यंत छळत राहिलं. ३२० पिक्सेलमध्ये सात रकाने, त्यात मोठं अक्षर, आकडे एकमेकांवर चढायचे. शेवटी साधं ‘डेट’ इनपुट टाकलं, फोनचं स्वतःचं कॅलेंडर उघडतं. मालक अजून कुरकुरतात, "आधीचं जास्त भारी दिसायचं." बाबांनी मात्र दोन खोल्यांचं बुकिंग करून पाहिलं आणि ते रद्द कसं करायचं ते विचारलं. त्याचं बटण मी ठेवलंच नव्हतं.