मुंबई आणि लिमा: दोन शहरांची तुलना वहीत कशी मांडायची

गणपती आटोपले की आमच्या चारकोपात प्रकल्पांच्या वह्या बाहेर निघतात आणि मुलांच्या आया मला जिन्यातच गाठतात. "टीचर, दोन शहरांची तुलना करायची आहे, लंडन घेऊ का?" घ्या, माझी ना नाही. पण तिथे थंडी, इथे उकाडा, एवढं लिहून पान संपतं. भूगोलाच्या शिकवण्या घेताना मी पेरूची राजधानी लिमा सुचवते. तीसुद्धा समुद्रकाठी वसलेली, समुद्र पश्चिमेला, डोंगर पूर्वेला, उष्ण कटिबंधातली आणि कोटीच्या आसपास वस्तीची. इतकं सारखं असून पाऊस मात्र तिथे जवळजवळ नाहीच. तुलनेला असं काहीतरी हवं: बरंच सारखं आणि एक गोष्ट साफ उलटी. दहावीच्या पुस्तकात भारताशेजारी ब्राझील ठेवलाय, तोही काही उगाच नाही.

सुरुवात स्थानापासून करा. मुंबई 19 अंश उत्तर, 73 अंश पूर्व; लिमा 12 अंश दक्षिण, 77 अंश पश्चिम. हे पूर्णांकातले आकडे शाळेच्या कामाला पुरतात. अंशांपुढे उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम लिहायचं विसरलात तर लिमा थेट दक्षिण भारतात येऊन बसेल.

अंतर गूगलवरून उतरवू नका, पृथ्वीगोल काढा. आधी सुतळी विषुववृत्ताभोवती गुंडाळून लांबी मोजा. मग तीच सुतळी मुंबईपासून लिमापर्यंत ताणून धरा, सैल नको. 20 सेंमी व्यासाच्या गोलावर विषुववृत्त साधारण 63 सेंमी भरतं आणि हे अंतर 26 सेंमी. 26 ला 63 ने भागा, 40,000 ने गुणा: साडेसोळा हजार किमी. हिशोबाने काढलं तर सुमारे 16,700 येतं, म्हणजे सुतळीने काम चोख केलं. सुतळी कुठून जाते तेही बघा. अरबस्तान, सहारा, अटलांटिक, मग अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळून खाली लिमात. सपाट नकाशावर पट्टी ठेवून हा मार्ग कधीच कळत नाही.

वेळेचं गणित मला फार आवडतं. दोन्ही शहरांच्या रेखांशांत 150 अंशांचं अंतर, 15 ने भागलं की 10 तास. पण घड्याळं दाखवतात साडेदहा! कारण आपलं घड्याळ मुंबईचं नसून मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांचं आहे आणि पेरूचं 75 अंश पश्चिमेचं. दोन्ही मिळून 157.5, भागिले 15, साडेदहा. हा अर्धा तास वहीत समजावून लिहिणारं मूल मला अजून भेटायचंय.

आता हवामान. इथे घाई करायची नाही. पहिली अट म्हणजे वेधशाळेचं नाव लिहायचं. "मुंबईत अमुक इतका पाऊस" हे वाक्य अर्धवट आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 74. एकच शहर, एकच तारीख. लिमाच्या बाबतीतही बरेच आकडे तिथल्या विमानतळाचे असतात आणि तो विमानतळ आहे शेजारच्या कॅलाओत. म्हणून सांताक्रूझ म्हटलं की शेवटपर्यंत सांताक्रूझच.

दुसरी अट, एका वर्षाचे आकडे घ्यायचे नाहीत. हवामानशास्त्रात 30 वर्षांची सरासरी धरतात आणि सध्या 1991 ते 2020 ही सरासरी चालते. भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर ती वेधशाळेनुसार मिळते. एका शहराची सरासरी आणि दुसऱ्याचं गेल्या वर्षीचं तापमान शेजारीशेजारी मांडलं की तुलना तिथेच कोसळते.

मग आलेख. महिन्याचा पाऊस स्तंभात, तापमान रेषेत, दोन्ही शहरांना एकच प्रमाण. 1 सेंमीला 100 मिमी धरलं तर सांताक्रूझचा जुलैचा स्तंभ साडेआठ सेंमीच्या वर जातो. लिमाचा अख्ख्या वर्षाचा पाऊस 20 मिमीच्याही आत, म्हणजे बारा महिने एकावर एक रचले तरी 2 मिलिमीटरसुद्धा उंची नाही. इथे मुलं कुरकुरतात. "टीचर, लिमाचं काही दिसतच नाहीये, वेगळं प्रमाण घेऊ?" अजिबात नाही! रिकामा दिसणारा आलेखच तर दाखवायचाय. पेन्सिलीला टोक करा आणि अक्षालगत एक बारीक रेघ ओढा.

तापमानाच्या रेषांमध्ये गंमत आहे. लिमा दक्षिण गोलार्धात, त्यामुळे आपला फेब्रुवारी तो तिथला ऐन उन्हाळा आणि ऑगस्ट म्हणजे हिवाळा. ऑगस्टमध्ये तिथे दुपारीही पारा 19 अंशांच्या आसपास रेंगाळतो, महिनोन्‌महिने आभाळ राखाडी आणि हवेत दमटपणा भरपूर. वाळवंट म्हटलं की हवा कोरडी हे मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं, ते लिमा मोडून काढते. शून्य सावलीचे दिवसही लिहा, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते ते: मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैअखेर, लिमात फेब्रुवारीच्या मध्यावर आणि ऑक्टोबरअखेर. आपला जुलैचा दिवस ढगांमुळे सहसा फुकट जातो, ते वेगळं.

यानंतर "असं का?" हा परिच्छेद. प्रकल्पातला अर्धा जीव इथे आहे आणि बहुतेक वह्यांत नेमका हाच गायब असतो. पेरूच्या किनाऱ्याने हम्बोल्टचा थंड प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो, शिवाय खोलातलं गार पाणी वर येत राहतं. त्यावरची हवा खालून थंड होते. फ्रीज उघडल्यावर गारवा पायाशी पसरतो, तशी ती खालीच बसून राहते, आणि हवा वर चढल्याशिवाय पाऊस कसा पडणार? खालच्या खाली धुकट ढग होतात आणि त्यांतून भुरभुर गळते, तिला तिथे गारुआ म्हणतात. शहराच्या कडेच्या टेकड्यांवर जाळ्या उभारून लोक धुक्यातलं पाणी गोळा करतात. पूर्वेकडून अ‍ॅमेझॉनची ओली हवा येऊ पाहते, तिला अँडीज अडवतो.

आपल्याकडे अरबी समुद्र मे महिन्यात 30 अंशांच्या आसपास तापलेला असतो. त्यावरून बाष्प घेतलेले नैऋत्येचे वारे किनाऱ्याला येतात, सह्याद्रीला आपटून वर चढतात आणि कोसळतात. म्हणजे डोंगर दोन्हीकडे पूर्वेलाच, पण इकडे तो पाऊस पाडतो आणि तिकडे अडवतो. फरक आहे तो वारा कुठून येतो आणि पाणी किती गरम आहे याचा. हे वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहा, माझ्या नको. एकाच सोसायटीतल्या पाच वह्यांत तेच वाक्य दिसलं की शाळेत कळतं.

एल निनोचाही उल्लेख करा, मात्र जपून. पेरूजवळचं पाणी तापलं की तिथल्या उत्तर किनाऱ्यावर पूर येतात आणि आपला मान्सून बऱ्याचदा रोडावतो, 2002 आणि 2009 ला तसं झालं. 1997 चा एल निनो जबरदस्त होता, तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. म्हणून "एल निनो आला की दुष्काळ" असं ठोकून देऊ नका.

लोकसंख्येत सगळा घोळ हद्दीचा. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबई 1 कोटी 24 लाख. ठाणे, कल्याण, नवी मुंबई धरून नागरी समूह 1 कोटी 84 लाख. इंटरनेटवर दिसणारे 2 कोटींच्या वरचे आकडे महानगराचे अंदाज आहेत, शिरगणती नव्हे. 2021 ची जनगणना झालीच नाही, पुढची 2027 ला ठरली आहे. लिमाची 2017 ची जनगणना घ्या: लिमा प्रांत 85.7 लाख, कॅलाओ धरून 95.7 लाख. त्याच नावाचा जुन्या शहराचा एक छोटा जिल्हाही आहे, तिथे जेमतेम 2.7 लाख. हा आकडा उचललात तर लिमा आपल्या एखाद्या वॉर्डाएवढी होईल. प्रत्येक आकड्यापुढे हद्द आणि वर्ष, दोन्ही कंसात.

घनतेसाठी मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून 603 चौ. किमी घ्या, चौ. किमीला साधारण 20,600 माणसं येतात. लिमा प्रांत 2,672 चौ. किमी, तिथे 3,200. पण त्या प्रांतात ओसाड वाळूच्या टेकड्याही मोजल्यात, हे तळटीपेत सांगा. मुंबईतून राष्ट्रीय उद्यान वजा करायचं कोणी सुचवलं तर सगळे 103 चौ. किमी कापू नका, त्यातलं निम्म्याहून जास्त ठाणे जिल्ह्यात आहे.

मांडणीला डावं पान मुंबईचं, उजवं लिमाचं, मुद्दे एकाच ओळीत येतील असे. चिकटवायच्या फोटोंवर पैसे घालवू नका. एक जगाचा नकाशा, दोन आलेख आणि "असं का?" चं एक पान पुरे. आणि तोंडी परीक्षेला लिमाच्या पिण्याच्या पाण्याचं विचारतातच. उत्तर: अँडीजमधून उतरणारी रिमाक नदी. लगेच पुढचा प्रश्न मुंबईच्या तलावांचा येतो. नावं सात आहेत: भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार, तुळशी.