हलकी किट कार जॅकवर चढवण्यापूर्वी

लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर बांधलेली किट कार (सुटे भाग आणून स्वतः जोडलेली गाडी) साधारण ५०० ते ६०० किलोंची असते. हलकी आहे, उचलायला काय लागतं, असं वाटतं. पण तेवढं वजन छातीवर आलं तर माणूस जिवानिशी जातो. शिवाय हलकी असल्यामुळेच ती जॅकवरून चटकन सरकते. जाम झालेल्या नटाला जोर लावला की जड गाडी जागची हलत नाही, ही हलते. म्हणून चाकांचे नट चाकं जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्या.

जागा सपाट हवी, शक्यतो सिमेंटचा कोबा. उन्हात डांबर मऊ पडतं आणि उचललेली गाडी ज्यांवर टेकवायची त्या स्टँडचे पाय त्यात रुततात; दुसरी जागा नसेल तर स्टँडखाली जाड प्लायवूड ठेवा. गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, पण त्यावर विसंबू नका. तो बहुधा मागच्याच चाकांना लागतो, मागचा भाग उचललात की त्याचा उपयोग संपला. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून आणि मागून पाचर मारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: जॅक कुठे लावायचा. गाडीखाली आडवे पडून बॅटरीच्या उजेडात ती जागा आधी स्वतः बघा. तळाचा ॲल्युमिनियमचा पत्रा, फायबरची बॉडी, इंजिनाचं ऑइल चेंबर यांपैकी कशावरही भार द्यायचा नाही. घरी बांधलेल्या बऱ्याच चॅसीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, २५ मिमीची चौकोनी नळी असते, तिची जाडी जेमतेम १.६ मिमी. मधोमध दाब आला तर ती वाकते. जिथे तीन-चार नळ्या वेल्डिंगने एकत्र येतात किंवा सस्पेन्शनचे आर्म जिथे बसवलेत, त्या सांध्याखाली जॅक घ्या आणि मध्ये लाकडाचा ठोकळा किंवा रबरी पॅड ठेवा. बांधणाऱ्याचं मॅन्युअल असेल तर त्यातल्याच जागा धरा. एकदा सापडलेल्या जागांवर रंगाची खूण करून ठेवा, पुढच्या वेळी शोधाशोध नको.

जॅक बुटका ट्रॉली जॅक हवा. तोही ठोकळ्यासकट आत जात नसेल तर आधी चाकं फळ्यांवर चढवा. जॅक घेतल्यावर स्टँडला जागा उरते का, हेही आधीच बघून ठेवा. मी यासाठी बराच वेळ देतो आणि तो कधी वाया गेलेला नाही. जॅक वर जाताना त्याचं डोकं कमानीत फिरतं, म्हणून त्याची चाकं मोकळी फिरली पाहिजेत. अडली तर ठोकळा निसटतो. ही चॅसी ताठ असते, त्यामुळे पुढचा एक कोपरा उचलताना त्याच बाजूचं मागचं चाकही हलकं होऊ शकतं, त्यावर नजर ठेवा.

स्टँड लागले की जॅक हळू सोडून भार स्टँडवर घ्या आणि बाजूला उभे राहून गाडी हाताने हलवून बघा. कुठे कुरकुरली तर खाली उतरवून पुन्हा मांडणी करा. विटा, सिमेंटचे ठोकळे स्टँड म्हणून अजिबात नकोत. ते अचानक फुटतात. काढलेलं चाक चॅसीखाली सरकवून ठेवा. काम झाल्यावर नट हाताने बसवा, गाडी उतरवा, मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावता येणाऱ्या पान्याने) आवळा.